मदत हवी आहे: बेटावरच्या वस्तीची जुनी कागदपत्रं कशी जपावीत?

नमस्कार मंडळी,
एका छोट्या बेटावरच्या वस्तीचा इतिहास जुन्या नोंदींवरून जुळवतोय. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळेची हजेरीपुस्तकं, होड्यांचे हिशेब, घराघरांतली पत्रं. खाऱ्या, दमट हवेनं बरीच पानं एकमेकांना चिकटलीत, काहींवर बुरशी आहे. लॅमिनेशन अजिबात करणार नाही, ते कागदाला इजा न करता काढता येत नाही. पण चिकटलेली पानं आपण सोडवावीत की तज्ज्ञाकडेच न्यावीत?

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. अभिलेखागाराची रीत अशी की कागद ज्या घरातून किंवा कचेरीतून आले, त्यांच्या मूळ क्रमानेच ठेवायचे. लोकांना मात्र आपल्या आडनावानं शोधायचं असतं, आणि ते रास्तच आहे. मूळ क्रम न मोडता कुटुंबवार सूची कुणी केली आहे का? रकाने कोणते ठेवलेत?

घाई एवढ्यासाठी की वस्ती उठायला वेळ लागत नाही. स्कॉटलंडच्या सेंट किल्डावरचे शेवटचे ३६ रहिवासी २९ ऑगस्ट १९३० रोजी, एकाच दिवशी बेट सोडून गेले.

आणि हो, पत्रांत हयात माणसांच्या खासगी गोष्टीही आहेत. अशी पत्रं किती वर्षं बंद ठेवावीत?