डबल मार्कर नक्की कधी द्यायची? पाळीच्या तारखेने १२ आठवडे, सोनोग्राफीने १० (सोलापूर)

शेवंती
नमस्कार मंडळी. पहिलटकरीण आहे, सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागात राहते. माझी पाळी कधीच वेळेवर नव्हती, पीसीओडीची औषधं चालू असतानाच दिवस राहिले. शेवटच्या पाळीवरून मोजलं तर आज १२ आठवडे ३ दिवस होतात. पण आज सोनोग्राफीत बाळाची लांबी ३३ मिलिमीटर भरली आणि रिपोर्टवर १० आठवडे २ दिवस आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, डबल मार्करला (बाळाच्या गुणसूत्रांतल्या दोषांचा अंदाज देणारी रक्त तपासणी) थांबायचं, एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जागा मोजायची सोनोग्राफी) करू त्याच दिवशी रक्त देऊ. एका लॅबमध्ये चौकशी केली तर ते म्हणाले, तेरावा आठवडा चालू आहे, आजच देऊन टाका, नाहीतर उशीर होईल.

त्यात भावाचं लग्न आहे मंगळवेढ्याला. सगळं उरकून परत यायला तीनेक आठवडे जातील. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच. ती म्हणते, लग्न होऊ दे, मग बघू. कुणाचं ऐकू? आणि सगळ्या तपासण्या एकदाच का करत नाहीत? दर वेळी सुई बघितली की पोटात गोळा येतो.

काचपट्टी
ताई, मी लॅबमध्येच काम करते, आणि सांगते की डॉक्टरबाईंचंच ऐका. आज रक्त देऊ नका.

डबल मार्करमध्ये गरोदर बाईच्या रक्तातल्या दोन गोष्टी मोजतात, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी. या दिवसांत पॅप-ए रोज चढत असतो आणि बीटा उतरत असतो. त्यामुळे नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. तुमचा आकडा त्याच दिवसाच्या इतर गरोदर बायकांच्या मधल्या आकड्याशी ताडून बघतात. आता तुमचं बाळ १० आठवड्यांचं आणि फॉर्मवर लिहिलं १२, तर पॅप-ए उगाच कमी दिसेल आणि बीटा उगाच जास्त. नेमकं हेच चित्र डाऊन सिंड्रोमचा (एक गुणसूत्र जास्त असण्याचा दोष) धोका जास्त असताना दिसतं. बाळ ठणठणीत असताना रिपोर्टवर 'हाय रिस्क' येईल आणि घरात रडारड होईल.

एनटी आणि डबल मार्कर दोन्ही ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, म्हणजे बाळाची लांबी साधारण ४५ ते ८४ मिलिमीटर असताना करतात. पाळी अनियमित असेल तर सोनोग्राफीचीच तारीख धरायची. त्या हिशोबाने तुमच्या हातात अजून वेळ आहे.

फॉर्मवर वजन अंदाजे सांगू नका, तिथेच काट्यावर उभं राहा. वजनाप्रमाणे हिशोब बदलतो. जुळं असेल, शुगर असेल, टेस्ट ट्यूबचं बाळ असेल तर तेही लिहायला लावा. उपाशी यायची गरज नाही. अजून एक, आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. रक्त तासन् तास गरम जागी पडून राहिलं तर फ्री बीटा खोटा वाढतो. त्यामुळे नमुना बाहेरगावी जाणार असेल तर 'सिरम (रक्तातला पातळ भाग) इथेच वेगळं करता ना, बर्फात पाठवता ना' एवढं विचारायचंच. विचारल्याचा राग येणाऱ्या लॅबमध्ये जाऊ नका.

अक्कलकोट_रोड
आत्यांना सांगा, 'मग बघू' या गोष्टीत चालत नाही. तुम्ही तीन आठवड्यांनी परत याल तेव्हा १३ आठवडे २ दिवस झालेले असतील, उरले चार दिवस. त्यात रविवार आला, किंवा बाळ उलटंसुलटं झोपलं आणि मानेमागची जागा नीट मोजता आली नाही, की संपलं. बाळ फिरेना म्हणून माझ्या जावेला जिना चढायला लावला होता आणि त्याच दिवशी तीनदा स्कॅन केलं होतं.

ही वेळ हुकली तर १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रुपल मार्कर (रक्तातल्या चार गोष्टी मोजणारी तपासणी) असतं, पण एनटीसोबतच्या डबल मार्करइतकं ते पकडत नाही. शिवाय त्यात काही निघालं तर गर्भजल तपासणी आणि तिचा रिपोर्ट यात पुढचे आठवडे जातात, निर्णयाला सवड कमी राहते. मंगळवेढा काय लांब आहे? १२ आठवडे भरले की एक दिवस सकाळी निघा, तपासणी करा, संध्याकाळी हळदीला परत जा की.

आशा_बाळे
सगळं एकदम होत नाही ताई, कारण प्रत्येक गोष्ट दिसायची वेळ वेगळी. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि लघवी, डॉक्टरांनी सांगितलं तर थायरॉइड. हे झालंय का कार्डावर बघा. शुगर मात्र दोनदा, आत्ता एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत परत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. आमच्याकडे बायका पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी सोडतात, आणि शुगर बहुतेक वेळा चढते ती याच दुसऱ्या टप्प्यात. त्या दुसऱ्या तपासणीला नक्की जा! प्यायल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती तपासणी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत.

रक्तगट निगेटिव्ह आणि मिस्टरांचा पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या सुमाराला आयसीटी (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालीत का ते बघायची तपासणी) आणि ती होऊ नयेत म्हणून द्यायच्या अँटी-डी इंजेक्शनचं विचारा. हिमोग्लोबिन ११च्या खाली नको, ते अधूनमधून बघतच राहतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी मोफत असते, पैशाची ओढ असेल तर तिथे या.

रेल्वे_लाईन्स
शेवंतीताई, सासूबाई सख्ख्या आत्या म्हणालात म्हणून लिहितोय. डबल मार्कर गुणसूत्रांच्या मोजक्या दोषांचा अंदाज देते. थॅलेसेमिया (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) त्यात दिसत नाही. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता जास्त असते. एचबी एचपीएलसी नावाची रक्त तपासणी आहे, ती आत्ताच करून घ्या. तुम्ही वाहक (स्वतः आजारी नाही, पण दोष बाळाकडे जाऊ शकतो) निघालात तर लगेच मिस्टरांची. दोघेही वाहक असाल तर प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यता बाळाला आजार होण्याची, आणि गर्भाची खात्रीची तपासणी ११व्या आठवड्यानंतर करता येते. म्हणून ही तपासणी डबल मार्करच्याही आधी.

शेवंती
सगळ्यांचे खूप आभार. आत्याला अक्कलकोट रोड यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, हळद संध्याकाळीच आहे, सकाळी जाऊन ये, मीपण सोबत येते. एचपीएलसीचं कुणी सांगितलंच नव्हतं, उद्याच देते. एक विचारू? डबल मार्करमध्ये 'हाय रिस्क' आलंच तर?

काचपट्टी
तर ते निदान नाही, अंदाज आहे. रिपोर्टवर १:२५० असं काहीतरी येतं, म्हणजे तसा आकडा आलेल्या २५० जणींत एकीचं बाळ बाधित. मग डॉक्टर एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएची तपासणी) किंवा गर्भजल तपासणी सुचवतात. येताना आजचा सोनोग्राफी रिपोर्ट आणा, झेरॉक्स चालेल. लॅबला द्यायची तारीख त्याच्यावरचीच.