सीएनजी किट, जादा दिवे, मोठा बाजा: विमा कंपनीला कळवायचं की नाही?

पाथर्डीफाटा (धागाकर्ता):
मागच्या आठवड्यात माझ्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट बसवलं. बाटल्यासकट ५५ हजार. नाशिकच्या पेठ रोडला आरटीओत जाऊन आरसीवर नोंदही करून घेतली. एजंट म्हणतो, "विमा तीन महिन्यांनी संपतोय, तेव्हा टाकू, आत्ता कशाला छेडता?" मला हे अजिबात पटलेलं नाही. आरसीवर पेट्रोल-सीएनजी आणि पॉलिसीवर नुसतं पेट्रोल, अशा गाडीने तीन महिने रोज द्वारका चौक पार करायचा? कंपनीने गाडी उघडून पाहिलेली नसते, आपण सांगितलं त्यावर विश्वास ठेवून जोखीम घेतलेली असते. म्हणून माझं मत: किट असो, दिवे असोत की गाण्यांचा बाजा, बसवला त्याच आठवड्यात लेखी कळवायचं.

सिडकोकर:
साफ असहमत. किटचं एकवेळ ठीक आहे, पण बाकीचं कशाला? माझ्या गाडीत टचस्क्रीन आहे, मागचा कॅमेरा आहे, फॉग लॅम्प आहेत. यादी दिली की प्रीमियम वाढणार. क्लेमच्या वेळी प्लास्टिक आणि रबरावर ५० टक्के घसारा कापणार. मला त्या स्क्रीनची भरपाई नकोच आहे, फुटली तर मी माझ्या पैशाने घेईन. मग न मागितलेल्या गोष्टीची माहिती देऊन त्यांच्या हातात नकाराचं कारण मी का द्यावं?

पाथर्डीफाटा:
भाऊ, आकडा बघा. किटच्या किमतीवर साधारण ४ टक्के, म्हणजे २,२०० रुपये. थर्ड पार्टीत (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यात) ६० रुपये. वर १८ टक्के जीएसटी. सगळे मिळून वर्षाला २,६६७. महिन्याला सव्वादोनशे रुपयांसाठी अख्खी गाडी वादात का घालायची? विजेवर चालणाऱ्या बाहेरच्या वस्तूंनाही साधारण हाच ४ टक्क्यांचा हिशेब असतो. २० हजारांच्या स्क्रीनला ८०० रुपये आणि त्यावर कर.

मळेकरीण:
सिडकोकर दादा, "स्क्रीनची भरपाई नको" हे तुमचं म्हणणं ऐकून आमच्या भावाची गाडी आठवली. त्याने रात्रीच्या प्रवासासाठी हेडलाइटचे मूळचे ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० चे टाकले. रिले (जादा वीज वेगळ्या वायरीतून नेणारा स्विच) नाही, वायरिंग तेच. ६० वॅटला जिथे ५ अँपिअर जायचे तिथे ८ च्या वर जायला लागले. कसारा घाटात बॉनेटखालून धूर आला. माणसं वेळेत उतरली, पुढचा सगळा भाग जळाला. त्याला बल्बचे पैसे कुठे हवे होते? हवे होते गाडीचे. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने वितळलेल्या वायरी आणि बल्बवरचा आकडा, दोन्हींचे फोटो काढले. कंपनीचं पत्र आलं: वायरिंगमध्ये बदल, कळवलेला नाही. सात महिने खेटे घालून निम्म्याच्या आसपास रक्कम मिळाली. कर्जाचे हप्ते मात्र पूर्ण गाडीचे चालू होते. बल्ब किती किरकोळ वाटतो हो, म्हणूनच लिहिते आहे.

वकीलवाडी:
दोन्ही बाजूंचं थोडं चुकतंय असं मला वाटतं.

सिडकोकरांच्या बाजूने आधी. अट मोडली म्हणून दावा शून्य, असं दर वेळी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अमलेंदु साहू प्रकरणात खासगी गाडी भाड्याने वापरलेली असूनही कंपनीला पूर्ण हात झटकू दिले नाहीत. अशा दाव्यांत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग आहे. पण तो वाद वापराचा होता, लपवलेल्या बदलाचा नव्हता. आणि हे पैसे कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळतात.

आता धागाकर्त्यांना. तुम्ही सगळे बदल एका माळेत ओवलेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील निर्मात्याने बनवलेल्या मूळ गाडीशी जुळला पाहिजे. मान्यताप्राप्त इंधन किटला त्याच कलमात सूट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम ठामपणे लावलं. गाडीच्या पुढच्या बाजूला लोखंडी बुल गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. काळी फिल्म २०१२ पासून बंद. या गोष्टी कंपनीला शंभरदा कळवल्या तरी कायदेशीर होत नाहीत. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

सिडकोकर:
म्हणजे गार्डवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं तर तोच अडकणार! हेच मी म्हणतोय.

पाथर्डीफाटा:
त्याने सांगू नये, गार्ड काढावा. पायी चालणाऱ्याला त्या लोखंडाने काय होतं हे अंबडच्या चौकात एकदा पाहिलंय मी. वकीलसाहेबांची दुरुस्ती मान्य: आधी कायद्यात बसतंय का ते बघायचं, बसत असेल तर कळवायचं.

सिडकोकर:
कॅमेरा आणि स्क्रीनबाबत माझं मत तेच आहे. मात्र ताई, फॉग लॅम्पच्या वायरिंगला रिले आहे की नाही ते उद्या उघडून बघतो.

गोदाकाठ:
माझी अडचण वेगळी. जुनी गाडी घेतली, आधीच्या मालकाने काय काय बसवलंय मलाच माहीत नाही. मी काय कळवू?

पाथर्डीफाटा:
विमा नावावर करण्यासाठी खरेदीपासून १४ दिवस असतात, तो अर्ज आधी टाका. गाडी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे न्या आणि मूळ वायरिंग कुठे कापलंय ते दाखवायला सांगा. फोटो काढा, मेलला जोडा, "खरेदीच्या दिवशी गाडी अशी होती" असं लिहा. सीएनजी असेल तर बाटल्यावरच्या प्लेटची तारीख वाचा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते, आणि विकणारा ती हमखास टाळून गाडी विकतो. मी माझा मेल आज सकाळी पाठवला, एंडोर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद) आली की इथे लिहितो.