मदत हवी आहे: इटालियन रेडवर नुसतंच ‘वीनो रोसो’ (लाल वाइन) लिहिलंय, फसलो का?

नवखा_मिलानकर
मंडळी, वाइनमधलं मला ओ का ठो कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. शनिवारी ऑफिसातल्या इटालियन मित्राकडे जेवायला जायचंय, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून दोन बाटल्या आणल्या. एक कियांती क्लासिको (टस्कनीची लाल वाइन), गळ्याशी तिचं चिन्ह असलेला काळा कोंबडा, डीओसीजी या सरकारी दर्जाची पट्टी, सगळं जिथल्या तिथे. दुसरी फांतिनी कंपनीची ‘एदित्सियोने’, चांगली जडजूड बाटली आणि कोंबड्यापेक्षा बरीच महाग, पण तिच्यावर ना डीओसीजी ना त्याखालचं डीओसी, अहो त्याहून खालचं साधं आयजीटी पण नाही, आणि द्राक्षांच्या हंगामाचं साल शोधून शोधून डोळे दुखले तर सालच नाही, त्याच्या जागी एडिशन नंबर! दुकानदार म्हणे पाच जातींची द्राक्षं आहेत, दोन प्रांतांतली. मी वाचलंय की डीओसीजी सगळ्यात वर आणि नुसतं वीनो सगळ्यात खाली. मग ही महाग कशी, आणि न्यायची कुठली?

द्राक्षासव
फसला नाहीत. ती उतरंड चवीची नाहीये, नियमांची आहे. कियांती क्लासिको म्हणवून घ्यायचं तर ठरलेल्या भागातलीच द्राक्षं हवीत, त्यात सांजोवेझे जातीची लाल द्राक्षं किमान 80 टक्के, बाकी 20 पर्यंत दुसरी लाल चालतात. तुमच्या महागड्या बाटलीत मोंतेपुल्चानो, प्रिमितीवो, सांजोवेझे, नेग्रोआमारो आणि माल्वाझिया नेरा, त्यातली काही आब्रुत्सो प्रांतातली, काही पार खाली दक्षिणेच्या पुल्याची. आयजीटीचे नियम ढिले असतात तरी 85 टक्के द्राक्षं त्या एकाच भागातली लागतात, त्यामुळे हे मिश्रण कुठेच बसत नाही आणि थेट तळाला जातं. साध्या वीनोवर साल आणि द्राक्षाचं नाव पण सहजासहजी छापू देत नाहीत, म्हणून तो एडिशन नंबर.

बुचवाला
+१. आणि हे काही आजचं नाही. टस्कनीतले वाइन बनवणारे आंतिनोरी, त्यांनी 1971 ची तिन्यानेलो ही लाल वाइन काढली तेव्हा कियांतीच्या नियमात पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं होतं, हो, लाल वाइनमध्ये पांढरी! यांना ते नको होतं, म्हणून एवढी भारी वाइन ‘वीनो दा ताव्होला’ म्हणजे जेवणासोबतची साधी वाइन म्हणून विकली. टस्कनीतल्याच सास्सिकाइया या वाइनचं पण तेच, कॅबर्ने या फ्रेंच द्राक्षाची असल्यामुळे तिला बसायला खुर्चीच नव्हती. शेवटी 1992 च्या कायद्यात आयजीटी आलं. सास्सिकाइयाला 1994 ला तिच्या गावच्या, बोल्गेरीच्या डीओसीत जागा मिळाली. कियांती क्लासिकोत 2006 पासून पांढऱ्या द्राक्षांना उलट बंदीच आहे, तिन्यानेलोत आज सांजोवेझे 80 च्या आसपास असतं, म्हणजे आता ती नियमात बसेल, तरी आंतिनोरी आयजीटीवरच. मला तर यात थोडी खुन्नस दिसते.

आंबटचिंबट
सगळं मान्य, पण म्हणून वीनो रोसो दिसली की थोर समजू नका, खोक्यातली दोन युरोवाली पण वीनो रोसोच असते. वरचं लेबल काय तपासलंय ते तरी सांगतं, खालच्यात सगळा भरवसा बनवणाऱ्याच्या नावावर. आणि बाटलीच्या वजनाला तर अजिबात भुलू नका, काचेचे पैसे तुम्हीच भरताय. बादवे जेवायला काय आहे?

नवखा_मिलानकर
टोमॅटोवालं काहीतरी पास्ता बहुतेक, मित्राच्या हातचा रागू (मटणाचा सॉस) फेमस आहे म्हणे.

आंबटचिंबट
मग कोंबडावाली कियांती न्या. सांजोवेझेला आंबटपणा असतो, टोमॅटोपुढे टिकते. एदित्सियोने दाट, पिकल्या फळांची, गोडसर वाटणारी, ती मटणाबरोबर काढा. घरी तांबडा रस्सा कराल तेव्हा मात्र दोन्ही लांब ठेवा, तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल.

नवखा_मिलानकर
खूप आभार सगळ्यांचे! आत्ताच त्याला विचारलं तर म्हणतोय आईवडील पण येणारेत, एका बाटलीत भागायचं नाही. दोन्ही नेतो. फक्त एक सांगा, त्याच्या वडिलांनी ‘वीनो रोसो’ बघून नाक मुरडलं तर तिन्यानेलोची गोष्ट इटालियनमध्ये कशी सांगू?