पाणी पिऊन वजन उतरलंय का कुणाचं? अनुभव लिहा

जास्वंद
पाडव्याची आवराआवर चाललीये, माळ्यावरच्या पेटीत २०१६ चं कालनिर्णय सापडलं. दुधाच्या खाड्यांशेजारी रोज पेन्सिलीच्या चार बारीक रेघा. दोन मिनिटं कळेचना कसल्या, मग एकदम आठवलं, अगं हे तर माझं पाणी! धाकट्याच्या वेळचे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं अंगी लागून वजन ७४ वर जाऊन बसलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू, रिटायर्ड नर्स, म्हणाल्या बाकी काही करू नकोस, दोन्ही जेवणांच्या अर्धा तास आधी दोन-दोन ग्लास पाणी पी. म्हणजे एका वेळी अर्धा लिटर. त्याच त्या चार रेघा. तीन महिन्यांत तीन किलो उतरलं माझं. पोट आधीच भरल्यासारखं व्हायचं, तिसरी पोळी आपोआप सुटली, चारचा चहाही सुटला, त्यामुळे किती पाण्याने आणि किती चहाने ते नाही सांगता येणार.
रेघा १५ जूनला संपतात. शाळा सुरू झाली (मी शिकवते) आणि तिथल्या बाथरूमची अवस्था अशी होती की पाणी प्यायचीच भीती वाटायची. ते कोरे चौकोन बघून काल फार वाईट वाटलं.
तुमचं लिहा, वजन उतरलं नसेल तरी लिहा.

केळफूल
शेवटचं वाचून पोटात कालवलं गं. मी फिल्डवर असायचे, सकाळी साडेआठला घोटभर पाणी ते डायरेक्ट संध्याकाळी घरी. वर्षात दोनदा युरिन इन्फेक्शन, वर डॉक्टर विचारतात पाणी का पीत नाही. कुकर लावलाय, वजनाचं नंतर लिहिते

लातूरकर
२०१६ म्हटल्यावर मला दुसरंच आठवलं. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती आमच्याकडे, पहिल्या गाडीला दहा वॅगन, एकेकीत ५० हजार लिटर. गल्लीत टँकर कधी येईल नेम नाही, रात्री दोनला आला तर दोनला उठायचं, घागरी कळश्या भगुणी जे हाताला लागेल ते घेऊन पळायचं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. आईचं वजन उतरलं त्या उन्हाळ्यात, घागरी वाहून वाहून. ती अजून अर्धा ग्लासच ओतून घेते, संपला की परत अर्धा. पूर्ण भरलेला ग्लास तिच्यासमोर कुणी ओतून दिला तर तिचा चेहरा बघवत नाही. विषयाला सोडून झालं, पण राहवलं नाही

जास्वंद
@लातूरकर अजिबात सोडून नाही. आईंना नमस्कार सांगा

उसगावकर
माझं पाच किलो उतरलं पण त्याचं कारण सोडा. इथे ऑफिसच्या फ्रीजमध्ये कोल्ड्रिंकचे कॅन फुकट, दुपारी एक आणि चारला एक असे रोजचे दोन. एका ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर, १४० कॅलरी, म्हणजे दिवसाला २८० नुसत्या पिऊन. बायकोने लिटरची स्टीलची बाटली बॅगेत टाकली आणि म्हणाली ही रिकामी घरी आली पाहिजे. वर्षभर एवढंच केलं, जिम वगैरे काही नाही. कॅन सुटला म्हणून उतरलं हे माझं स्पष्ट मत आहे.

ताकपिठलं
गार पाण्याने कॅलरी जळतात म्हणे?? नणंद रोज बर्फ घालून पिते

गणितवाला
@ताकपिठलं हिशोब सोपा आहे. अर्धा लिटर पाणी ५ डिग्रीवरून ३७ वर आणायला शरीराला १६ किलोकॅलरी लागतात. चहात घालतो ती एक चमचा साखर साधारण तेवढीच. २००३ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात अर्ध्या लिटरने चयापचय ३० टक्के वाढतो असं आलं होतं, त्यावरून हे पसरलं, पण नंतर इतरांनी मोजलं तेव्हा तेवढं काही मिळालं नाही. जास्वंदच्या काकूंची पद्धत मात्र खरंच तपासलेली आहे, २०१५ ला बर्मिंगहॅममध्ये ८४ लठ्ठ लोकांवर, जेवणाआधी अर्धा तास अर्धा लिटर, १२ आठवडे. पाणी पिणाऱ्यांचं बाकीच्यांपेक्षा सरासरी १.३ किलो जास्त उतरलं. कमी वाटेल, पण फुकटात आहे, मला तरी पटतं

रानवाट
आजोबा वैद्य होते. ते वाग्भटाचं सांगायचे, जेवणाआधी पाणी पिणारा कृश, मधे पिणारा सम, जेवण झाल्यावर पिणारा स्थूल. आमच्या पंगतीत कुणी शेवटी गटागटा प्यायला लागलं की आजोबा नुसता हात वर करायचे, भांडं खाली!

ताकपिठलं
आमच्याकडे उलटं, जेवताना पाणी मागितलं की आजी म्हणायची आधी भात संपव 😄

मोगरा
कृपया हे सगळ्यांनी वाचा. माझ्या जावेने मैत्रिणींच्या ग्रुपवरचं चॅलेंज घेतलं, दिवसाला सात लिटर. सकाळीच तासाभरात दोन बाटल्या संपवायची. सहाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, आम्हाला वाटलं पित्त. दुपारी मला विचारते, आई कुठे गेली, आणि सासूबाई समोर बसलेल्या. तशीच रिक्षात घालून नेली. सोडियम १२२ निघालं, १३५ ते १४५ पाहिजे. तिला बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू होती, त्यात एवढं पाणी. तीन दिवस आयसीयूत होती. आता बरी आहे. घरात सासऱ्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे म्हणून त्यांना दिवसाला सव्वा लिटरच पाणी, तेही मापून, त्यात चहा आमटी धरून. एकाच ओट्यावर दोघांची दोन मापं असतात. हात जोडून सांगते, गोळ्या चालू असतील, किडनी हृदयाचं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा मग प्या.

केळफूल
बापरे मोगरा, काळजी घ्या गं सगळ्यांची. माझं सांगते, पाणी वाढवलं, सकाळी गरम पाणी मध लिंबू पण केलं, काट्याला फरक नाही. शेवटी तपासलं तर थायरॉईड. गोळी सुरू झाल्यावर हळूहळू हललं. पण इन्फेक्शन परत झालं नाही, तेवढ्यासाठी तरी पाणी सोडणार नाही. आणि आता फिल्डवर निघायच्या आधी रस्त्यात कुठल्या पंपावर, कुठल्या हॉटेलात बाथरूम बरं आहे त्याची यादी आहे माझ्याकडे, नव्या मुलींना पहिल्या दिवशी तीच देते

जास्वंद
@केळफूल ती यादी फार मोठं काम आहे. मी पण आता शाळेत बोलणार आहे, मोठ्या मुली पण पीत नाहीत गं पाणी, बाटल्या भरलेल्याच घरी जातात

उसगावकर
मध लिंबूवरून, मोठा चमचाभर मधात ६० च्या आसपास कॅलरी असतात बरं का

रानवाट
माठ घेतला का कुणी यंदा? आमचा नवा दोन दिवस झाले पाझरतोय नुसता

ताकपिठलं
@रानवाट नवा आहे ना, मग पाझरणारच, त्यानेच तर गार होतं. दिवसभर बादलीत बुडवून ठेवला होता का आधी? पहिली दोन-तीन पाणी झाडांना घाल, मातीचा वास जातो. वाळ्याची जुडी टाक आत, दर चार दिवसांनी उन्हात वाळवायची

रानवाट
नाही बुडवला. आत्ता बुडवतो, बादलीत मावेना, टब शोधतोय