सरकारकडे पैसा नाही म्हणून पीपीपी: हे कारण पटतं का?

जमाखर्च

'सरकारकडे पैसा नाही, म्हणून रस्ता, पूल, रुग्णालय खासगी भागीदारीतून, म्हणजे पीपीपीने, करू' हे वाक्य आता इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी हरकतच घेत नाही. मला ते मुळातच चुकीचं वाटतं. कंपनी कर्ज काढून पूल बांधते आणि तो पैसा दोनच वाटांनी परत मिळवते: टोल, नाहीतर सरकारकडून दरवर्षी येणारा हप्ता. टोलवसुलीचा हक्क कंपनीला दिला म्हणजे सरकारने पंचवीस-तीस वर्षांचं स्वतःचं उत्पन्न सोडलं. हप्ता तर सरळसरळ देणंच. शिवाय सरकारला ज्या व्याजाने कर्ज मिळतं, त्या व्याजाने कंपनीला मिळत नाही. तो फरकही शेवटी आपणच भरतो.

ब्रिटनने १९९२ मध्ये पीएफआय (खासगी वित्तपुरवठा उपक्रम) या नावाने हे सुरू केलं. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला: ७०० हून अधिक प्रकल्प, भांडवली मूल्य सुमारे ६० अब्ज पौंड आणि २०४० च्या दशकापर्यंत द्यायचे उरलेले हप्ते १९९ अब्ज पौंड. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी असे नवे करार बंद केले.

मला सर्वांत जास्त खटकते ती लपवाछपवी. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा, युरोस्टॅटचा, २००४ चा निर्णय असा: बांधकामाची जोखीम, आणि उपलब्धता (रस्ता वापरायला खुला ठेवणं) किंवा मागणी (वाहनं किती येतील) यांपैकी एक जोखीम खासगी भागीदाराकडे असेल, तर मालमत्ता सरकारी ताळेबंदाबाहेर ठेवता येते, म्हणजे तिचं देणं सरकारी कर्जात दिसत नाही. मग करार लिहिताना पुलापेक्षा त्या अटीकडेच लक्ष जाणार ना?

पूलबांधणी

६० आणि १९९ हे आकडे शेजारी ठेवून घाबरवू नका. त्या १९९ मध्ये व्याजाबरोबर देखभाल आहे, कित्येक ठिकाणी साफसफाई आणि खानपानसेवाही आहे. सरकारने स्वतः बांधलं असतं तरी हा खर्च चुकला नसता.

मी पुलांच्या कामात बावीस वर्षं आहे, म्हणून एक पाहिलेलं सांगतो. एका सरकारी पुलावर एक्स्पान्शन जॉइंटची, म्हणजे पुलाच्या दोन भागांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीची, रबरी पट्टी फाटली होती. पावसाचं पाणी फटीतून थेट खाली बेअरिंगवर, म्हणजे पूल खांबावर ज्या आधारावर टेकतो त्यावर. पट्टी बदलणं म्हणजे चार-पाच रात्रींचं काम. मी अहवाल दिला. पुढच्या वर्षी तोच अहवाल तारीख बदलून पुन्हा दिला. देखभालीच्या हेडखाली पैसे नव्हते. चौथ्या वर्षी बेअरिंग गंजून जाम झाली, गर्डर (पुलाची मुख्य तुळई) जॅकवर उचलावा लागला आणि पूल बंद ठेवून सगळं बदलावं लागलं. त्याच काळात त्याच खात्याला नव्या पुलासाठी मात्र निधी मिळाला.

उपलब्धतेवर पैसे देणाऱ्या करारात मार्गिका बंद राहिली की हप्ता कापला जातो. तिथे कंपनीचा माणूस पट्टी फाटायची वाट बघत नाही. मला पीपीपी हवी ती यासाठी.

साधा करदाता

जोखीम कंपनीची असते म्हणता, पण बुडायची वेळ आली की ती सरकारकडेच येते. मेक्सिकोने १९८९ च्या सुमारास टोलरस्ते दिले ते सर्वांत कमी वर्षांची मुदत मागणाऱ्यांना. मुदत कमी, म्हणून टोल अवाच्या सवा. ट्रकवाले जुन्या फुकट रस्त्यावरूनच जात राहिले. १९९७ मध्ये सरकारने २३ रस्ते कर्जासकट अंगावर घेतले. माद्रिदमधून बाहेर पडणाऱ्या खासगी टोलमार्गांचंही तेच: वाहनं आलीच नाहीत, कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि २०१८ मध्ये रस्ते सरकारकडे आले.

जमाखर्च

@पूलबांधणी, १९९ मध्ये सेवा धरल्यात हे मान्य, मी ते लिहायला हवं होतं. पट्टीची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण हप्ता कापण्यासाठी खासगी कर्ज कशाला? सरकारी पैशाने पूल बांधा आणि वीस वर्षांच्या देखभालीचा ठेका त्याच कापाकापीच्या अटींवर द्या.

पूलबांधणी

ठेकेदाराचे स्वतःचे पैसे अडकलेले नसतील, तर जड दुरुस्ती आली की तो अनामत सोडून निघून जातो. कर्ज देणारी बँक स्वतःचा अभियंता पाठवून काम तपासते, तशी नजर सरकारी ठेक्यावर मी क्वचित पाहिली.

मुदतबंद

मेक्सिकोतली चूक मुदतीची होती, त्यावर तोडगा आहे. चिलीने १९९८ मध्ये सांतियागो ते वालपराइसो-विन्या देल मार हा महामार्ग देताना वर्षांवर बोली घेतलीच नाही. 'आजच्या मूल्यात एकूण किती टोल गोळा करणार' यावर घेतली. तेवढा जमला की करार संपला. वाहनं कमी आली तर मुदत आपोआप लांबते, म्हणून टोल वाढवा किंवा भरपाई द्या म्हणत यायला फारशी जागा राहत नाही. सरकारला रस्ता मधेच परत घ्यायचा असेल तर उरलेली रक्कम हीच भरपाईचा पाया, तीसुद्धा कागदावर तयार. उणीव एकच, पण खरी: पैसे उशिरा का होईना मिळणारच, म्हणून वाहनं वाढवण्याची धडपड कंपनी कमी करते.

हिशेबाचा नियमही आहे. सार्वजनिक क्षेत्रासाठीचं आंतरराष्ट्रीय लेखामानक ३२ हे २०११ मध्ये आलं. मालमत्तेवर नियंत्रण सरकारचं असेल, तर मालमत्ता आणि तिच्यापोटीचं देणं दोन्ही सरकारच्याच पुस्तकात दाखवायची. ते स्वीकारायचं की नाही हे मात्र ज्या त्या सरकारवर.

जमाखर्च

मग माझी मागणी तेवढीच. सही झाली त्याच वर्षापासून देणं कर्जाच्या आकड्यात धरा आणि करार सगळ्यांना वाचायला ठेवा. त्यानंतरही प्रकल्प फायद्याचा दिसत असेल, तर माझा विरोध नाही.

पूलबांधणी

मंजूर. पण मग सरकारी पुलांची तुंबलेली देखभालही देण्यांत लिहा. माझा तो पूल चारही वर्षं पुस्तकात धडधाकट होता.