एकच दिग्दर्शक, दोन नवे बाँड: मालिका सावरली कशाने?

पडद्याआड
जेम्स बाँडचा 'डाय अनदर डे' (२००२) संपवून लगेच 'कॅसिनो रोयाल' (२००६) लावला की चुकून दुसरीच मालिका लागली असं वाटतं. ऑक्टोबर २००५ मध्ये नवा बाँड म्हणून डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा काय गदारोळ! केस सोनेरी, चेहरा रांगडा, टेम्सवरून स्पीडबोटीतून येताना अंगात लाइफ जॅकेट. बहिष्काराची वेबसाइटही निघाली होती. आणि या सिनेमात पहिल्या अर्ध्या तासात पठ्ठ्या सगळ्यांची तोंडं बंद करतो. मी तर खूश आहे. पण श्रेय क्रेगचं किती आणि दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलचं किती? १९९५ ला ब्रॉस्ननला नवा बाँड म्हणून घेऊन 'गोल्डनआय' करणाराही हाच.
आणखी दोन शंका. पोकरचा शेवटचा डाव हिशेबात बसतो का? आणि बाँड नवाकोरा, मग एम, म्हणजे त्याची वरिष्ठ, तीच जूडी डेंच कशी?

नाना_फरारी
दोन्ही वेळचं दुखणं वेगळं होतं. 'लायसन्स टू किल' (१९८९) नंतर कोर्टकचेऱ्यांत सहा वर्षं गेली, तेवढ्यात सोव्हिएत युनियनच संपलं. आता या गुप्तहेराचं करायचं काय, हा प्रश्न होता. कॅम्पबेलने तो प्रश्न एमच्याच तोंडी घातला. ती बाँडला सरळ शीतयुद्धातला जुनाट अवशेष म्हणते. बाकी हत्यारं-यंत्रं पुरवणारा क्यू, एमची सेक्रेटरी मनीपेनी, ती यांत्रिक खेळणी, सगळं जागच्या जागी. ब्रॉस्नन तर १९८६ मध्येच घ्यायचा होता, टीव्ही मालिकेच्या करारामुळे हुकला. त्याच्या चेहऱ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.
२००६ ला उलटं. आधीच्या सिनेमाने सुमारे ४३ कोटी डॉलर कमावले होते, म्हणजे गल्ल्याची अडचण नाही. पण अदृश्य गाडी आणि संगणकावरच्या लाटेवर सर्फिंग झाल्यावर पुढे जाणार कुठे? म्हणून क्यू नाही, मनीपेनी नाही. अ‍ॅस्टन मार्टिनच्या कप्प्यात फक्त पिस्तूल आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), आणि ऐन वेळी त्याचीही वायर सुटलेली! ती वायर वेस्पर, म्हणजे बाँडबरोबर आलेली सरकारी खजिन्याची अधिकारी, येऊन जोडते.
सुरुवातीचा पाठलाग नीट बघा. पुढे सेबास्तियाँ फुकाँ, फ्रीरनिंगवाला, म्हणजे भिंती-छपरांवरून उड्या मारत पळणारा. तो भिंतीच्या वरच्या अरुंद फटीतून सुळकन निसटतो. मागून क्रेग येतो तो भिंतच फोडून. दोन सेकंदांत कळतं की हा बाँड काय चीज आहे, एक संवाद लागत नाही. प्रसंग लिहिणाऱ्याचा आणि कॅम्पबेलचा, पण तसं धडकणं अंगात असावं लागतं राव.

हुकूमपान
डाव बसतो, फक्त योगायोग जरा जास्तच आहेत. १९५३ च्या मूळ कादंबरीत बकारा हा पत्त्यांचा जुगार होता, सिनेमात टेक्सस होल्डेम पोकर केला: दोन पानं प्रत्येकाच्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांची. टेबलावरची पानं: बदाम एक्का, इस्पिक अठ्ठी, इस्पिक छक्की, मग इस्पिक चौकी, शेवटी इस्पिक एक्का. एका गड्याकडे इस्पिकचे राजा-राणी, म्हणजे फ्लश, पाचही पानं इस्पिकची. दुसऱ्याकडे दोन अठ्ठ्या, फुल हाऊस (तीन सारखी अधिक एक जोडी). खलनायक ल शिफ्रकडे एक्का-छक्की, त्याहून मोठं फुल हाऊस. बाँडकडे इस्पिकची पंजी-सत्ती, म्हणजे चौकी ते अठ्ठी सलग इस्पिक, स्ट्रेट फ्लश, सगळ्यांवर भारी. पॉट, म्हणजे डावावरची रक्कम, साडेअकरा कोटी डॉलर.
चौथं पान पडलं तेव्हाच बाँड अजिंक्य झाला होता. त्याला हरवायला वरचा इस्पिक सिक्वेन्स हवा, तो सत्तीशिवाय लागत नाही आणि सत्ती त्याच्याच हातात. म्हणजे तिथे जुगार काहीच नाही, फक्त बाकीच्यांना आत ओढायचं. खरा पोकर आधीच्या डावात आहे. ल शिफ्र कपाळाशी बोट नेतो म्हणजे थाप मारतोय असा बाँडचा समज. तेच त्याला महागात पडतं आणि ल शिफ्रकडे चार गुलाम निघतात.

खडीसाखर
एमचं कोडं सोपं आहे. नटी तीच, पात्र वेगळं. ब्रॉस्ननच्या वेळी जुन्या मुरलेल्या बाँडवर नवी एम आली होती. इथे मुरलेली एम आहे आणि बाँड आत्ता कुठे डबल-ओ, म्हणजे मारण्याचा परवाना असलेला हेर, झालाय. दोन सिनेमांचा धागा जोडायला गेलात तर गाठच पडेल. डेंचला ठेवण्यात हुशारी होती: एवढं सगळं बदलताना एक ओळखीचा चेहरा राहिला.
गाडीच्या कोलांट्यांचं कुणी लिहिलं नाही! आधी रॅम्पवरून उलटवायचा प्रयत्न झाला. बाँडची डीबीएस गाडी इतकी बुटकी आणि स्थिर की पलटेचना. मग ड्रायव्हरच्या सीटमागे नायट्रोजनच्या दाबाची तोफ बसवली, जी खाली रस्त्यावर दांडा मारते. अ‍ॅडम कर्लीने सात कोलांट्या घेतल्या, तेव्हा गिनेसमध्ये विक्रमाची नोंद झाली होती.
आणि नाना, क्रेगला थोडं कमी देताय. जिन्यातल्या मारामारीनंतर तो आरशासमोर रक्त धुतो आणि व्हिस्की घशाखाली ओततो. नंतर शॉवरखाली कपड्यांनिशी बसलेल्या वेस्परशेजारी शर्टासकट जाऊन बसतो. तिथे दिग्दर्शकाला करण्यासारखं फार नाही.

नाना_फरारी
शॉवरचं मान्य. पण संगीतकार डेव्हिड अरनॉल्डलाही वाटा द्या. बाँडची धून तो सिनेमाभर तुकड्या-तुकड्यांनी देतो आणि पूर्ण वाजवतो ती नाव सांगितल्यावर.

पडद्याआड
धन्यवाद! 'क्वांटम ऑफ सोलेस' आज लावू की थांबू?

हुकूमपान
आजच. तो इथूनच पुढे सुरू होतो, मध्ये आठवडा गेला तर शेवटच्या प्रसंगातला व्हाइट कोण हेच आठवणार नाही. १०६ मिनिटांचाच आहे. लेखकांच्या संपात पटकथा अडकली होती, ते जाणवतं. अपेक्षा बेताची ठेवा.