‘दहा वर्षांपासून’चं इंग्रजी: सिन्स की फॉर?

विचारणा

नमस्कार. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि दहावीनंतर सुटलं. आता औषधांच्या घाऊक दुकानात बिलं आणि साठा बघते. वरच्या जागेसाठी इंग्रजीतून मुलाखत आहे, म्हणून संध्याकाळच्या वर्गाला जाते.

‘मी दहा वर्षांपासून इथे काम करते’ आणि ‘मी २०१५ पासून इथे काम करते’, दोन्हीकडे आपलं ‘पासून’ आहे. इंग्रजीत मात्र एका ठिकाणी फॉर आणि दुसऱ्या ठिकाणी सिन्स. कालावधीला फॉर आणि सुरुवातीच्या क्षणाला सिन्स, हा नियम पाठ आहे. पण समोरचा माणूस उत्तराची वाट बघत असताना ‘कालावधी की क्षण’ हे ठरवत बसता येत नाही. मराठीत विचार करणाऱ्याला चटकन पटेल अशी काही खूण आहे का?

प्रतिसाद

ताई, खूण आहे, आणि ती तुमच्या मराठीतच आहे. ‘पासून’ काढा आणि ‘झाली’ लावून बघा. ‘दहा वर्षं झाली’ असं आपण म्हणतो, म्हणून तिथे फॉर. ‘२०१५ झालं’ किंवा ‘सोमवार झाला’ असं या अर्थाने कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे सिन्स. ‘दोन तास झाले’, ‘बरेच दिवस झाले’: फॉर टू अवर्स, फॉर मेनी डेज. ‘सकाळपासून’, ‘लहानपणापासून’: सिन्स धिस मॉर्निंग, सिन्स चाइल्डहुड.

मी प्रौढांच्या वर्गाला बरीच वर्षं शिकवतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी मराठी शाळेत गेलेले लोक माझ्याकडे येतात तेव्हा नियम बहुतेकांना पाठ असतात. अडतं ते मराठीत जो शब्द एक आहे, तो इंग्रजीत दोघांत वाटला गेलेला असतो तिथे. ‘सिन्स टेन इयर्स’ म्हणणारा माणूस बेफिकीर नसतो. तो ‘पासून’चं अगदी इमानाने इंग्रजी करत असतो. म्हणून चूक खोडून पुढे जाणं मला पुरेसं वाटत नाही. ती कोणत्या मराठी शब्दातून आली ते दाखवलं, की शिकणारा पुढच्या दहा ठिकाणी आपणच सावध होतो.

उपप्रतिसाद

सर, ‘लग्न झाल्यापासून’ याचं काय? तिथे तर ‘झालं’ अगदी चपखल बसतं, आणि इंग्रजीत सिन्स येतं.

प्रतिसाद

शंका बरोबर आहे. ‘लग्न झालं’ म्हणजे लग्न घडलं. ‘दहा वर्षं झाली’ म्हणजे दहा वर्षं उलटली. आपल्या खुणेतलं ‘झाली’ हे दुसरं, उलटून गेल्याचं. खात्री करायची तर ‘किती’ विचारा: किती वर्षं झाली? दहा. किती लग्न झालं? हा प्रश्नच होत नाही. तास, दिवस, आठवडा, महिना, वर्ष ही काळाची मापं. माप असेल तर फॉर. घटना, तारीख, वार असेल तर सिन्स. ‘गेल्या आठवड्यापासून’ही याच कसोटीने सिन्स लास्ट वीक, कारण तिथे गेला आठवडा ही सुरुवात आहे. ‘आठवडा झाला’ म्हटलंत तर फॉर अ वीक.

आता याच वाक्यातली दुसरी गोष्ट, माझ्या मते जास्त महत्त्वाची. मराठीत ‘काम करते’ हा साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत ‘आय ॲम वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’ हे प्रमाण मानलं जात नाही. मागे सुरू झालेलं आणि आजपर्यंत चालत आलेलं काम असेल, तर ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स.’ फॉर-सिन्समध्ये गडबड झाली तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. पण ‘आय वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणालात तर नोकरी सोडली असाच अर्थ निघेल. मुलाखतीत हे सांभाळा.

आणखी एक प्रतिसाद

‘सांगणे’ही या यादीत घ्या. ‘डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या जेवणानंतर घ्या’, हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. कोणाला सांगितलं हे बोललं नाही तरी चालतं. इंग्रजीतल्या टेलला सहसा ‘कोणाला’ हवंच: ‘द डॉक्टर टोल्ड मी दॅट...’ ते नको असेल तर सेड घ्यायचं. ‘ही टोल्ड दॅट’ हे रोज कानावर येतं, त्याचं मूळ इथे आहे. ‘गोष्ट सांगणे’, ‘खरं सांगणे’ यांना मात्र टेलच, आणि तिथे ‘कोणाला’ नसलं तरी चालतं.

‘फार’ही असंच. ‘चहा फार गोड आहे’ ही तारीफ असेल तर व्हेरी, तक्रार असेल तर टू. आपण तक्रार करताना बरेचदा ‘जरा जास्तच’ म्हणतो. तो ‘जास्तच’ म्हणजे टू. म्हणून पाहुण्यांच्या पदार्थाला ‘टू स्वीट’ म्हणताना जपावं.

प्रतिसाद

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे नव्याने आलेल्या आपल्या माणसांची एक अडचण व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. आपला आदर क्रियापदातच असतो. ‘फॉर्म द्या’ यातल्या ‘द्या’मध्ये मान आला, वेगळं काही म्हणावं लागत नाही. त्याचं ‘गिव्ह मी द फॉर्म’ केलं की तो मान वाटेतच गळतो आणि ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो. यू तर तू, तुम्ही, आपण या तिघांना एकच. म्हणून ‘द्या’ऐवजी मनात ‘द्याल का?’ धरावं आणि ‘कुड यू गिव्ह मी द फॉर्म, प्लीज?’ म्हणावं. माणूस मुळात नम्र असतो आणि उद्धट समजला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. हे पहिल्याच धड्यात शिकवायला हवं.

मूळ विचारणा करणारी

सगळ्यांचे आभार. ‘झाली’ची खूण लगेच लागू पडली. मुलाखतीसाठी तीन वाक्यं केली आहेत, बघाल का?

‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१५. आय हॅव बीन हँडलिंग द स्टॉक फॉर फोर इयर्स. माय मॅनेजर टोल्ड मी टू अप्लाय.’

आणि शेवटी ‘आपण पगाराबद्दल चर्चा करू या का’ असं विचारायचं असेल तर ‘डिस्कस अबाउट सॅलरी’ बरोबर आहे का?

प्रतिसाद

ताई, तिन्ही वाक्यं बिनचूक आहेत. चौथ्यात अबाउट काढा. आपल्या ‘चर्चा’ला ‘बद्दल’ लागतं. डिस्कसमध्ये ते आधीच आहे: ‘कुड वी डिस्कस द सॅलरी?’ टॉक वापरलंत तर मात्र अबाउट ठेवा.